लालीबाईचा कोरा रकाना

मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे माझा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास आहे, असा आमच्या घरी समज आहे. तो खोटा आहे. माझा आकड्यांवरही विश्वास नाही, आणि सगळे आकडे सारखे आले की माझं तर डोकंच फिरतं.

निवृत्त होऊन वर्ष झालं नव्हतं तेवढ्यात प्राचार्य मॅडमचा फोन आला. घाटंजीच्या आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर सलग तीन वर्षं पाथरझरी तांड्यावर झालं होतं. जानेवारीत साठ पोरंपोरी सात दिवस मुक्कामाला जात, श्रमदान करत, पथनाट्य करत, हात धुवायला शिकवत. आता या सगळ्याचा तांड्याला नेमका काय फायदा झाला, ते मोजून द्यायचं होतं. "सर, तुम्ही तसे रिकामेच आहात," मॅडम म्हणाल्या. मला राग आला. मी रिकामा नव्हतो, पण काय करत होतो तेही सांगता येईना, म्हणून हो म्हणालो.

प्रश्नावली मी जीव ओतून केली. अठरा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अतिशय. लोक न वाचताच खुणा करतात हे माहीत असल्यामुळे चौदावा प्रश्न मी मुद्दाम उलटा ठेवला होता: शिबिरामुळे तुम्हाला कितपत त्रास झाला?

फेब्रुवारीत तांड्यावर गेलो तर निम्म्या घरांना कुलपं. बंजारा समाजाचा हा तांडा. दिवाळी झाली की तरणी माणसं ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्यालाच परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. तांड्याचे नायक रामधन यांच्याकडे मी फॉर्म दिले. "आठ दिवसानं या मास्तर, सारे भरून ठेवतो," ते म्हणाले. अंगणवाडीच्या पुष्पाबाईंनी घरोघर जाऊन ज्यांना वाचता येत नाही त्यांचे फॉर्म भरले, आणि आठ दिवसांनी त्रेचाळीस कागद व्यवस्थित दोरीने बांधून माझ्या हातात पडले.

घरी येऊन कॉम्प्युटरवर भरायला बसलो. पाच, पाच, पाच, पाच. पहिला माणूस पाच, दहावा माणूस पाच. आरोग्य तपासणी पाच, वृक्षारोपण पाच. चौदाव्या प्रश्नालाही त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांनी पाच दिले होते. अतिशय त्रास झाला.

आमच्या सौभाग्यवती विमलताई चष्मा पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. "लय तरास देल्ला म्हना तुमच्या पोरायनं," म्हणाल्या आणि हसत हसत स्वयंपाकघरात गेल्या.

सातशे चौऱ्याहत्तर रकान्यांपैकी एकच रकाना कोरा होता. फॉर्म क्रमांक सत्तावीस, लालीबाई राठोड, वय अंदाजे बासष्ट. बाकी सतरा ठिकाणी पाच. अकराव्या प्रश्नापुढे काहीच नाही. अकरावा प्रश्न होता: शिबिरात झालेलं काम कितपत टिकाऊ आहे?

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली ती थेट रामधन नायकांच्या ओट्यापुढे लावली. मी रागात होतो आणि ते सुपारी कातरत होते.

"सगळ्यांनी सगळीकडे पाचच कसे दिले, नायक?"

"कमी पडले का मास्तर? कागदावर सहा नव्हते."

"अहो, त्रास किती झाला विचारलं, त्यालाही पाच?"

"द्याचे तं सगळ्यालेच द्याचे. एकाच प्रश्नानं कोनाचं काय वाकडं केलं?"

हळूहळू कळलं ते असं. मी फॉर्म देऊन गेलो त्याच संध्याकाळी नायकांनी तांडा बैठकीला बसवला होता. तांड्यात काय बोलायचं ते बोला, भांडा, रुसा, पण बाहेरच्या माणसापुढे तांड्याचा शब्द एकच, ही तिथली जुनी रीत. बैठकीत ठरलं की पाच द्यायचे, आणि एकदा ठरल्यावर पाच म्हणजे पाच. का ठरलं ते मात्र नायक सांगेनात. मी लालीबाईंचं घर विचारलं. "घरी कुठं सापडते ते," नायक म्हणाले. "नाल्यावर असन."

तांड्याच्या वरच्या अंगाला टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी नाला. त्या नाल्यात आमच्या पोरांनी तीन वर्षं खपून दगडाचा बंधारा घातला होता. वर्तमानपत्रात फोटो आला होता, प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये तो फ्रेम करून लावला होता. मी काठावर पोचलो तर एक बाई पदर खोचून, दोन्ही हातांनी, त्या बंधाऱ्याचे दगड उपसून बाजूला टाकत होती.

"ओ बाई!" मी ओरडलो. "काय करता? आमच्या कॉलेजच्या पोरांनी बांधलाय तो!"

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "मनूनच तं पाडून राह्यली."

ही माझी आणि लालीबाईची पहिली भेट.

अंगाने काटकुळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, त्यातल्या दोन तडकलेल्या आणि दोऱ्याने बांधलेल्या. तरुणपणी वीस वर्षं तिने रोजगार हमीच्या कामांवर बांध घातले होते. दगड रचण्याचा नाद तिला तिथे लागला तो सुटलाच नाही. तांड्यातल्या प्रत्येक न्हाणीचा दगड तिने बसवलेला. घाटंजीच्या बाजारात गेली आणि एखाद्या दुकानाची पायरी हलताना दिसली की ही खाली बसते, इकडून तिकडून दगडाची एक चिपळी शोधते, फटीत ठोकते आणि मगच मिरच्यांचा भाव विचारते. दुकानदारांना वाटतं बाई काहीतरी शोधते आहे.

मला तिने एका दगडावर उभं केलं. दगड डुलला, मीही डुललो.

"पाह्यलं? वरतून साजरं दिसते. पोट्ट्यायनं गोटे ठेवले, बसवले नाई. अन् हे पाहा, सांध्यावर सांधा. पान्याले आयता रस्ता करून देल्ला."

"म्हणजे हा बंधारा वाहून गेला असता?"

"पयल्याच पुरात."

"मग तीन वर्षं टिकला कसा?"

यावर तिने तो डुलणारा दगडच उपसून बाजूला टाकला, आणि एकतीस वर्षं प्राध्यापकी केलेल्या माणसाला उत्तर कळायला बराच वेळ लागला. दर वर्षी शिबिराची बस गेली की दुसऱ्या दिवशी लालीबाई नाल्यात उतरत होती. पोरांनी रचलेला थर उतरवायचा आणि नव्याने बसवायचा. पंधरा दिवस, कधी वीस. आमच्या कॉलेजच्या केबिनमध्ये जो फोटो लावला होता तो पोरांचा होता, आणि जो बंधारा उभा होता तो हिचा.

"मग पोरांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कसं सांगू? सात दिवसाचे पाहुने. पोरींच्या हाताले फोड आल्ते. फोड दाखवून हसत होत्या बिचाऱ्या." मग म्हणाली, "अन् तेच्यात एक पोरगी मले सांगे, आजी, या कामाचे आमाले मार्कं भेटतेत."

आता सगळा उलगडा झाला. शिबिराचे मार्क असतात हे तांड्याला कळलं होतं, आणि महिन्याभरात एक चष्मेवाला मास्तर आकड्यांचे कागद घेऊन दारात आला होता. तांड्याने सरळ हिशेब केला: पोरांची परीक्षा झाली, निकाल आपल्या हातात आहे. आपल्या दारी जेवलेल्या लेकरांना नापास कोण करणार?

"लालीबाई, या कागदाचा पोरांच्या मार्कांशी काही संबंध नाही," मी समजावलं. "ते मार्क वेगळे, कॉलेज देतं."

"मार्कं नाई तं मंग आकडे कायले?"

हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने कधी विचारला नव्हता.

कोरा रकाना का सोडला, तेही तिने सांगितलं. बाकीचं तिला ठीक वाटलं होतं. पण काम टिकाऊ आहे का म्हटल्यावर पुष्पाबाईंचा हात तिने धरला. पाच म्हटलं असतं तर दगडाबद्दल खोटं बोलावं लागलं असतं आणि एक म्हटलं असतं तर तांड्याचा शब्द मोडला असता. म्हणून जागाच सोडली.

मी हसलो आणि बोलता बोलता सांगून टाकलं की, या पाचांमुळे एक गंमत होणार आहे. आदल्या रात्री फोनवर आकडे ऐकून मॅडम म्हणाल्या होत्या की इतका पूर्ण परिणाम झाला असेल तर दत्तक गावाचं काम संपलं, पुढच्या वर्षीपासून शिबिर डांबरी रस्त्यालगतच्या एखाद्या गावात न्यावं. बसही सोयीची.

लालीबाईच्या हातातला दगड हातातच राहिला.

"म्हंजे पोट्टे येनार नाईत?"

मग तिने जे सांगितलं ते मी तसंच लक्षात ठेवलं आहे. दगड टेकडीवर. रचायला तिला कुणी नको, पण टेकडीवरून खाली आणायला एकटीचं अंग पुरत नाही. साठ पोरं रांग करून उभी राहिली, हातोहात दगड दिले, की चार दिवसांत वर्षाचा दगड नाल्यात. तांड्यातली तरणी माणसं पाडव्याला येतात, मग लग्नं, मग पेरणी. बंधारा नव्हता तेव्हा तांड्याची विहीर संक्रांतीला आटायची. आता होळीपर्यंत पाणी टिकतं.

"होळी ते पाडवा, पंधरा दिवस," ती बोटावर मोजत म्हणाली. "तेवढेच कमी पडून राह्यले. अजून एक थर चढला पाह्यजे."

"पाडव्याचंच काय एवढं?"

"संगीता येते ना," ती म्हणाली.

संगीता तिची सून. मुलगा बबलू आणि संगीता दोघं ऊसतोडीला. "पाच महिने डोक्यावर मोळ्या वाहते मास्तर. गाडीतून उतरते, गाठोडं टाकते अन् घागर घेते. खालच्या वावरातली विहीर दीड किलोमीटर. च्या बी नाई घेत. मले पाहवत नाई." एवढं बोलून ती पुन्हा दगडाकडे वळली, पण तो कुठे बसवायचा हे काही तिला सुचेना. मला स्वतःची लाज वाटली. सहज म्हणून बोललो होतो मी.

"मग फॉर्म नव्याने भरा, खरं लिहा," मी म्हणालो.

"मी कशी लिहू? शब्द तांड्याचा हाय. रामधननं बांधला, त्यालेच सोडवा लागन."

दुपारी चारला नायकांच्या ओट्यापुढे तांडा बसला. शब्द सोडवायचा तर मागणाऱ्याने हमी द्यावी लागते.

"लेकरं नापास झाले तं जबाबदार कोन?" नायकांनी विचारलं.

"मी."

"तुमी तं रिटायर झाले मनते."

सगळा तांडा हसला. मी चिडलो आणि म्हणालो की स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. नायक म्हणाले, कागद तुमच्याकडे बक्कळ आहेत, त्याचं काही नाही. तांड्याच्या दैवताची, सेवाभायाची आण घ्या. मी चप्पल काढली, हात जोडले आणि घेतली. नायकांनी मान हलवली, आणि मग जी तोंडं उघडली ती अंधार पडेपर्यंत मिटली नाहीत.

झाडं शेळ्यांच्या वाटेवरच लावली होती, ती शेळ्यांनी खाल्ली. पथनाट्यात दारुड्याचं काम करणारा पोरगा फार छान, पण दारू पिणारे सगळे ऊसतोडीला, पाहायला म्हाताऱ्याच. "हात धुयाले तीनदा शिकवलं, पानी कुठून आनाचं ते एकदा बी नाई," हंसाबाई म्हणाल्या. पोरांचं वरण इतकं पातळ की बायकांना दया येऊन त्या भाकरी आणि ठेचा नेऊन देत. डोळे तपासले, पण चष्मे आलेच नाहीत. मी भराभर लिहीत होतो. आयुष्यात इतका आनंद मला कुठल्याही आकडेवारीने दिला नव्हता, कारण आता प्रत्येकाचा आकडा वेगळा होता.

शेवटी काठीवर हनुवटी टेकून बसलेले उकंडाबुवा म्हणाले, "पन सात दिवस तांड्यात गलका राह्यते. तेचे किती देता?" प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. मी एकोणिसावा म्हणून हाताने लिहून घेतला. त्याला मात्र सगळ्यांनी खरोखरच पाच दिले.

नवा अहवाल घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचला आणि कपाळाला हात लावला. "सर, आधीचे फॉर्म किती छान होते!"

"छान होते, खरे नव्हते."

शेवटी मी दोन सूचना लिहिल्या होत्या. शिबिर पाथरझरीलाच राहावं, आणि बंधाऱ्याचं काम लालीबाई राठोड यांनी शिकवावं. हे नियमात कसं बसवायचं, मॅडम म्हणाल्या. माझा आवाज चढला, बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. पण बाई न्यायाची. दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढून तांड्यावर आल्या. लालीबाईने त्यांनाही पोरांच्या हातच्या दगडावर उभं केलं. त्या डुलल्या, मी हात दिला. मग तिने त्यांना आपण बसवलेल्या दगडांवर उभं केलं. तिथे मॅडम चांगली दोन मिनिटं उभ्या राहिल्या. जाताना गाडीचं दार लावत म्हणाल्या, "नियमात बसवते मी."

यंदाच्या जानेवारीत शिबिर झालं ते लालीबाईचं शिबिर. चार दिवस टेकडी ते नाला अशी पोरांची रांग, आणि तीन दिवस नाल्यात शाळा. तिची शिकवायची पद्धत साधी. पोराने दगड ठेवला की ही त्यावर चढून उभी राहायची, अंग जरा डावीउजवीकडे झुलवायची आणि म्हणायची, "काढ." पहिल्या दिवशी नाल्यात दुसरा शब्द ऐकू आला नाही. निकिता नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीने एकच दगड पाचदा काढला आणि पाचव्यांदा मोठ्याने रडली. लालीबाईने तिला पाणी दिलं, दगडाचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते तिच्या हाताने चाचपून दाखवलं. सहाव्यांदा लालीबाई दगडावर उभी राहिली, झुलली, आणि काही न बोलता पुढच्या दगडाकडे गेली. निकिताने जागच्या जागी उडी मारली ती पाहून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिबिर उठल्यावर मी मुद्दाम दोन दिवसांनी गेलो. लालीबाई नाल्यातच होती, पण फक्त एक कोपरा उकलून. "कोपरा तं कोनालेच येत नाई," ती म्हणाली. "बाकी राहू दे. बरं हाय."

पुराची वाट पाहावी लागली नाही. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, नाला दोन दिवस वाहिला, बंधाऱ्यापाशी थबकला आणि मुरला. होळी झाली. मी दर चार दिवसांनी जाऊन विहिरीत दोर सोडून खोली मोजत होतो. लालीबाई तिथे फिरकत नव्हती. मी आकडा सांगायला गेलो की म्हणायची, "मले नोका सांगू, धडधड होते."

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, ट्रक आला. चुली, गाठोडी, कोंबड्या आणि वर बसलेली काळवंडलेली माणसं. बबलू सामान उतरवू लागला. संगीता उतरली, सासूच्या पाया पडली, गाठोडं ओट्यावर टाकलं आणि आत न जाता कोपऱ्यातली घागर उचलून खालच्या वावराच्या वाटेला लागली.

मी बोलणारच होतो. लालीबाईने माझा हात दाबला. खालच्या वावराची वाट तांड्याच्या विहिरीवरूनच जाते.

संगीता विहिरीजवळून दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. काठावरचा दोर ओला होता. तिने त्याला हात लावून पाहिला, मग वाकून आत पाहिलं. वळून सासूकडे बघत जोरात ओरडली, "याडी! पाणी छ!"

मला त्यांची बोली येत नाही, पण एवढं कुणालाही कळलं असतं. माझे डोळे भरून आले. लालीबाईने मात्र सुनेला तिथूनच झापलं. मी नंतर विचारलं काय म्हणालात, तर म्हणे, "पानी हाय तं भर ना, वरडते कायले."

पहिली घागर संगीताने काठावर उभं राहून अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतली. ट्रकमधल्या बाकीच्या बायका धावल्या, आणि विहिरीवर अशी झुंबड उडाली की रामधन नायकांना काठी आपटावी लागली. भरलेली घागर घेऊन संगीता चार मिनिटांत घरी परत आली. लालीबाईने चहा टाकला. संगीता ओट्यावर पाय पसरून बसली, ओले केस पाठीवर सोडलेले, आणि फुंकर घालत घालत ती सगळा चहा प्यायली. कप खाली ठेवल्यावरही ती उठली नाही. बसूनच राहिली, कारण तिला उठून जायचं कुठेच नव्हतं.